वैरागच्या शिवारातली विहीर

“परत म्हण,” मामा म्हणाले.

मी परत म्हटलं. “माझे वडील रोज दारू पिऊन घरी येतात. आईला शिवीगाळ करतात, मारहाण करतात. त्यामुळे आमचा मानसिक छळ होतो. मला वडलांची भीती वाटते. मला आईजवळच राहायचं आहे.”

“छळ होतो म्हटल्यावर जरा थांब. एकदम पुढं पळू नको.”

बार्शीहून निघालेली एसटी वैरागच्या स्टँडवर उभी होती. एप्रिल महिना होता. सकाळचे नऊ वाजले होते, तरी खिडकीच्या गजाला हात लागला की चटका बसत होता. मी खिडकीशी, मधे आई, कडेला दिगंबरमामा. आम्ही जिल्ह्याच्या कोर्टात चाललो होतो. जजसाहेब मला एकटीला आत बोलावणार होते आणि कुणाजवळ राहायचं ते विचारणार होते. मी अकरा वर्षांची होते.

“बाहेर काय बघतीस? परत म्हण.”

“दादा, पुरे आता,” आई म्हणाली. “तिला येतंय.”

“येणारच. कथाकथनाची ढाल आणलेली पोरगी आहे.”

ढाल खरीच होती. शाळेला दोन वर्षं लागोपाठ मी ती आणली होती. पण मला गोष्ट सांगायला शिकवलं होतं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आणि हे त्या बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. अण्णा सरकारी खात्यात शेतांची मोजणी करायचे. भावाभावांची भांडणं लागली की ते साखळी आणि नकाशा घेऊन जायचे, आणि घरी येऊन ती भांडणं अशी रंगवून सांगायचे की आई पोळी तव्यावर विसरायची. “ऐकणाऱ्याचे डोळे बघायचे, वैजू,” ते मला म्हणायचे. “डोळे दुसरीकडं गेले की समज, गोष्ट हातातून गेली.”

हे अण्णा प्यालेले नसायचे तेव्हाचे. प्यायले की ते वेगळे व्हायचे. रोज नाही, पण आठवड्यातून चार दिवस तरी. आईला त्यांनी दोनदा मारलं होतं, माझ्या देखत. एकदा मला शाळेतून आणायला यायचं विसरले, आणि शिपाईमामांनी संध्याकाळी मला घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काही आठवायचं नाही. “मी असं केलं?” असं ते खरोखर विचारायचे, आणि आईला त्याचाच जास्त राग यायचा. फेब्रुवारीत आई मला घेऊन मामांकडं निघून आली. अण्णांनी कोर्टात अर्ज केला की मुलगी मला द्या, निदान रविवारी आणि सुट्टीत तरी द्या.

बस सुटली. आईनं माझा हात हातात घेतला. तिचा हात घामानं ओला होता.

“वैजू, तू नीट बोलली नाहीस ना,” ती हळूच म्हणाली, “तर मी एकटी पडेन गं.”

कोर्टाच्या व्हरांड्यात अण्णा आमच्या आधीच येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. हनुवटीवर ब्लेड लागून आलेलं रक्त कापसानं टिपलेलं. माझ्याकडं बघून ते हसले आणि एक पाऊल पुढं आले, तेवढ्यात मामा मधे उभे राहिले. अण्णा तिथंच थांबले. मग त्यांनी लांबूनच भुवया उडवून विचारलं, पेपर कसे गेले? मी मान खाली घातली.

साडेअकराला पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं. “कुमारी वैजयंती पद्माकर नान्नजकर.”

आतल्या खोलीत जजसाहेब आणि टाइप करणारे एक गृहस्थ होते. मी आत गेले तसा जजसाहेबांनी अंगातला काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. बहुतेक मी घाबरू नये म्हणून. पिकलेल्या केसांचे, थकलेले गृहस्थ होते. समोर लाल फितीत बांधलेल्या फायली होत्या.

“बस बाळ. कितवीत आहेस?”

“सहावीची परीक्षा दिली.”

“छान. मग, कुणाजवळ राहावंसं वाटतं तुला? घाबरू नको. बाहेर कुणालाही कळणार नाही तू काय बोललीस ते.”

मी सुरू केलं. माझे वडील रोज दारू पिऊन घरी येतात. जजसाहेब लिहीत होते. पहिल्या वाक्याला त्यांनी वर बघितलं होतं, दुसऱ्याला नाही. तिसऱ्या वाक्याला ते फायलीचं पान उलटत होते.

“त्यामुळे आमचा मानसिक छळ होतो,” मी म्हटलं आणि थांबले.

त्यांनी पेन ठेवला. “मानसिक म्हणजे काय गं?”

मी फायलींच्या लाल फितीकडं बघितलं.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही.”

“आईनं? का बाहेर ते मामा बसलेत, त्यांनी?”

“कुणी नाही, सर.”

“बरं.” ते रागावले नव्हते. नुसते कंटाळले होते, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटलं. असली पोपटपंची करणारी पोरं त्यांनी खूप बघितली असणार. “बाळ, वडील दारू पितात हे तुझ्या आईच्या अर्जात आहेच. तुझे वडीलही नाही म्हणत नाहीत. ते म्हणतात, मी सोडतो, पण मला माझी मुलगी भेटू द्या. तर तू मला एवढंच सांग. तुझ्याशी ते कधी वाईट वागले? तुला मारलं?”

“नाही.”

“मग भीती कशाची वाटते?”

त्यांची नजर खिडकीकडं गेली, मग घड्याळाकडं. टाइप करणाऱ्या गृहस्थांनी हात मांडीवर ठेवले. माझ्या कानात आई बोलत होती, मी एकटी पडेन गं.

“एकदा विहिरीवर,” मी म्हणाले.

“काय विहिरीवर?”

“संक्रांतीच्या सुट्टीत अण्णा मला मोजणीला घेऊन गेले होते. वैरागच्या पुढं. दोन भावांचं शेत होतं. मोजणी झाल्यावर त्या लोकांनी हुरडा केला, आणि अण्णा त्यांच्याबरोबर प्यायले. मग आम्ही बांधावरून परत निघालो. वाटेत विहीर होती. तिला कठडा नव्हता.”

जजसाहेब माझ्याकडं बघायला लागले.

“अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. मनगटाला. आणि मला उचलून विहिरीवर धरलं. माझे पाय खाली लोंबत होते. खाली पाणी काळं दिसत होतं. अण्णा म्हणाले, सांग, तू कुणाची? आईची का माझी?”

टाइप करणारे गृहस्थ हलायचे थांबले होते.

“मग तू काय म्हणालीस?” जजसाहेबांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं.

“तुमची म्हणाले,” मी म्हटलं.

जजसाहेबांनी चष्मा काढला. पट्टेवाल्याला पाणी आणायला सांगितलं, आणि तो पेला त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. “पी. सावकाश पी. आता बाहेर बाकावर बस.” मग ते पट्टेवाल्याकडं वळले. “दोघांच्या वकिलांना आत पाठवा, आणि आईवडलांनाही.”

खोलीला स्प्रिंगची अर्धी दारं होती. मी बाहेरच्या बाकावर बसले, तरी आतलं सगळं ऐकू येत होतं. दारांच्या फटीतून अण्णांची पाठ आणि एक हात दिसत होता. जजसाहेबांनी मी सांगितलेलं सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या तोंडून ते अगदी खरं वाटलं.

अण्णांचे वकील लगेच बोलायला लागले, “साहेब, हे मुलीला पढवून...”

“थांबा तुम्ही. नान्नजकर, तुम्ही सांगा. असं घडलं?”

अण्णांचा हात पँटच्या शिवणीवरून वरखाली होत होता.

“कधी म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

“संक्रांतीच्या सुट्टीत.”

“वैरागच्या शिवारात.”

“हो.”

पंख्याचा आवाज येत होता. मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आता ते मोठ्यानं नाही म्हणतील, दार ढकलून बाहेर येतील, माझ्यासमोर उभे राहून विचारतील. मी त्याची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

“घडलं असेल,” अण्णा म्हणाले.

“असेल म्हणजे? होय का नाही?”

“होय. घडलं.”

“साहेब, माझ्या अशिलाला जरा बाहेर घेऊन...” वकील म्हणाले.

“मी म्हणतोय ना, घडलं,” अण्णा म्हणाले. “पोरगी कशाला खोटं बोलेल?”

बाहेर आले तेव्हा ते माझ्या बाकासमोरून गेले. थांबले नाहीत. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला होता, अंधारात उतरणारा माणूस लावतो तसा.

मामांना आनंद लपवता येत नव्हता. “बघ, मी म्हणत होतो!” म्हणत ते परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले. मी आणि आई स्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो. आईनं माझ्यासाठी उसाचा रस सांगितला. स्वतःसाठी काहीच नाही. ती समोरच्या चरकाकडं बघत होती.

“त्या दिवशी तू हसत घरी आली होतीस,” ती म्हणाली.

मी पेला तोंडाला लावला.

“विहिरीत कासव होतं म्हणालीस. तू वाकलीस, तर अण्णांनी फ्रॉकला धरून मागं ओढलं आणि एक रट्टा घातला म्हणालीस. मग कासवाची कसली तरी गोष्ट सांगत तुला खांद्यावरून आणलं. मला सगळं करून दाखवलंस तू.”

“हं.”

“हे आज काय बोललीस तू?”

मला रडू आलं. रस नाकात गेला आणि ठसका लागला. आईनं पाठीवर थोपटलं, पदरानं माझं तोंड पुसलं. आम्हाला अजून कोर्टात परत जाता आलं असतं. रस्ता ओलांडला की कोर्ट होतं. आईनं त्या बाजूला एकदा बघितलंही. मग मामा येताना दिसले, हातात तिकिटं घेऊन.

“हे आता कुणाजवळ बोलायचं नाही,” आई भराभर म्हणाली. “मामाजवळसुद्धा नाही. कळलं?”

निकाल आईच्या बाजूनं लागला. अण्णांना महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात, मामांच्या समोर मला भेटायची परवानगी मिळाली. जूनमध्ये ते आले, तेव्हा मी मामांच्या मागून पुढं झालेच नाही. जुलैतही तेच झालं. ऑगस्टपासून ते आले नाहीत. लोक म्हणायचे, त्यांनी बदली करून घेतली. मी कथाकथनात भाग घेणं सोडलं. बाईंनी कारण विचारलं, तर मी घसा बसतो म्हणून सांगितलं.

चौदा वर्षांनी माझं लग्न ठरलं. तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते. पत्रिका छापून आल्या आणि मी आईला म्हणाले, अण्णांना पत्रिका द्यायला मी स्वतः जाणार.

“दे आणि लगेच ये,” आई म्हणाली. “बसू नको.” मग मी चप्पल घालत असताना पुन्हा म्हणाली, “वैजू, जुनं काही उकरू नको.”

अण्णा परांड्याला राहत होते. नोकरी मुदतीआधीच सोडली होती आणि खाजगी मोजणीची कामं करत होते. स्टँडच्या मागं दोन खोल्या. दुपारी चारला मी दार वाजवलं. दार उघडणारा माणूस बारीक झालेला, डोक्यावर केस नसलेला होता. पण आवाज तोच होता.

“वैजू?”

त्यांनी चहा केला. मला करू दिला नाही. खोली नीटनेटकी होती. भिंतीवर नकाशे, खाली चटई. त्यांनी नवऱ्या मुलाचं विचारलं, त्याच्या गावाचं विचारलं. पत्रिकेत स्वतःचं नाव छापलेलं बघून ते बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

“दारू सोडली मी,” मग म्हणाले. “त्याच दिवसापासून. तू सांगितलंस ना जजला, त्या दिवसापासून थेंब नाही.”

“अण्णा...”

“नाही, ऐक. इथं दर रविवारी आमची बैठक असते, सोडलेल्या लोकांची. नवा माणूस आला की मी त्याला विहिरीचं सांगतो. काही लपवत नाही. म्हणतो, मी माझ्या पोरीला असं धरलं होतं.” त्यांनी दोन्ही हात पुढं केले, मुठी आवळून. “तुझी एक चप्पल पायातून निसटली. खाली पडली. पाण्यावर तरंगत होती, पालथी. ती चप्पल मला अजून दिसते, वैजू. रोज दिसते.”

“कसली चप्पल?”

“निळ्या पट्ट्याची.”

चपलेचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. जजसाहेबांनाही नाही. निळ्या पट्ट्याची चप्पल माझ्याकडं कधी नव्हतीच.

मी कपबशी खाली ठेवली.

“अण्णा, तसं झालं नव्हतं.”

“काय?”

“विहिरीवर. तुम्ही मला धरलं नव्हतं. मी कासव बघायला वाकले, तुम्ही मला मागं ओढलंत. मी खोटं सांगितलं. माझं पाठ केलेलं जजसाहेबांना खरं वाटेना, म्हणून मी ते मनानं रचलं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. हळूहळू त्यांनी पुढं केलेले हात मांडीवर आणले.

“नक्की?”

“नक्की.”

“पण मग तुम्ही हो का म्हणालात?” मीच विचारलं. माझा आवाज चढला होता. “मी बाहेर वाट बघत होते, तुम्ही नाही म्हणाल म्हणून! हो का म्हणालात?”

“मला आठवेना,” अण्णा म्हणाले. “जजनं विचारलं, तेव्हा मी सगळं डोकं पालथं घातलं. हुरडा आठवला, बाटली आठवली. घरी कसा आलो ते काही आठवेना. मला वाटलं, केलंही असेल मी. आपण असं केलं नाही, हे ज्याला छातीठोक सांगता येत नाही, त्यानं काय म्हणायचं? आणि तू कशाला खोटं बोलशील?”

ते उठले. खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता.

“चौदा वर्षं,” ते म्हणाले. मग एकदम वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांची खरी भीती वाटली. “चौदा वर्षं मी माझ्या हातांकडं बघतोय! शेजारच्या घरी लहान पोर आहे, ते इथं खेळायला येतं. मी त्याला कधी उचलून घेतलं नाही. कधी नाही! तुला एक पत्र टाकता आलं नाही?”

मी नुसती चटईवर बसून राहिले, आणि ते बोलत राहिले. एकदा तर त्यांनी दाराकडं बोट केलं आणि जा म्हणाले. मी गेले नाही. आवाज हळूहळू उतरला. शेवटी ते माझ्यासमोर खाली बसले, आणि दम लागल्यासारखा श्वास घेत म्हणाले, “आता रविवारी मी काय सांगू त्या लोकांना?”

मी रडत होते. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तुझ्या आईला, सुलभाला, माहीत होतं?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे माझ्यावर रोखलेले होते. जे ऐकायचं आहे ते मिळालं नाही, तर हा माणूस आज परत स्टँडसमोरच्या दारूच्या दुकानात जाईल, असं मला वाटलं. किंवा आईशी उरलेलं आयुष्य भांडेल. किंवा यातलं काही नाही, मला फक्त आईला वाचवायचं होतं. आजही मला ते नीट सांगता येत नाही.

“नाही अण्णा,” मी म्हणाले. “तिला अजूनही ते खरंच वाटतं.”

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. पुन्हा काही विचारलं नाही.

लग्नाला ते आले. मागच्या रांगेत बसले. अक्षता पडल्या, लोक जेवायला उठले, तेव्हा ते स्टेजवर आले. आई माझ्या शेजारीच उभी होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग आईकडं वळले.

“सुलभा,” ते म्हणाले, “ते विहिरीचं घडलंच नव्हतं. वैजूनं मला सांगितलं. तुलाही एवढी वर्षं ते खरं वाटत होतं, तू केवढा धसका घेतला असशील. आता मनातून काढून टाक. आपली पोरगी होती ती, घाबरली होती.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या हारातली फुलं सारखी करत राहिले. आई काहीतरी बोलणार असं वाटलं, तिचे ओठ हलले. अण्णा तिच्याकडं इतक्या मायेनं बघत होते की तिला ती नजर सोसेना. तिनं खांद्यावरचा पदर ओढून घेतला.

“जेवून जा,” ती म्हणाली. “पंगत बसलीय.”

ते पंगतीला बसले. आई वाढप्याच्या हातून जिलबीचं ताट काढून घेऊन स्वतः वाढायला गेली. मला स्टेजवरून दिसत होतं. अण्णा पानावर आडवे हात धरून पुरे पुरे म्हणत होते, आणि आई खाली मान घालून वाढतच होती.